विषाणुज्वर ओसरल्यानंतरची फुप्फुसे आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या लोणावळा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नाही की शास्त्रज्ञ नाही. जुन्या अकरावीच्या अखेरच्या तुकड्यांतून मॅट्रिक होऊन मावळातील शाळांत हयात घालविलेला मी एक शिक्षक. तथापि जे विषय विद्वानांच्या ग्रंथांत अडकून पडतात ते चार घरच्या माणसांना समजतील अशा रीतीने सांगणे, हाच शिक्षकाचा व्यवसाय होय. त्या अधिकाराने, आणि तेवढ्याच अधिकाराने, मी आपल्यापुढे उभा आहे.

विषय असा : तीव्र विषाणुज्वरातून माणूस वाचल्यावर त्याच्या फुप्फुसांचे पुढे काय होते, हे शोधून काढण्याचे शास्त्र कोणते, आणि त्या शोधात आपल्यासारख्या साध्या कुटुंबांचा वाटा कोणता. आपल्यापैकी काही म्हणतील की, कोविडची साथ संपली, आता ती उकरून काढण्याचे प्रयोजन काय? पुण्यात तिचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आढळले; जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. हे सर्व खरे. परंतु साथ संपते ती सरकारी दप्तरात. ज्याला जिना चढताना मध्येच उभे राहावे लागते, त्याच्यापुरती ती संपलेली नसते. अशी माणसे आपल्या ज्ञातीत आहेत, कदाचित या मंडपातही आहेत, आणि त्यांतील बहुतेक गप्प आहेत. त्यांच्या त्या मौनासंबंधी मला विशेषेकरून बोलावयाचे आहे.

प्रथम फुप्फुसांचे काम पाहू. आपल्या छातीत श्वासनलिका झाडाप्रमाणे फांद्या फोडीत जाते आणि शेवटच्या डहाळ्यांवर द्राक्षांच्या घोसांसारखे सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांची संख्या काही कोटींत आहे. तीसपासून पन्नास कोटींपर्यंत गणना शास्त्रज्ञांनी केली आहे. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढी. या कोशांची भिंत इतकी पातळ असते की, एका मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यांतील एका भागाहूनही ती कमी भरते. या भिंतीच्या एका अंगास हवा व दुसऱ्या अंगास रक्त. प्राणवायू इकडून तिकडे जातो आणि कर्बवायू तिकडून इकडे येतो. सारे जीवन या देवघेवीवर अवलंबून आहे.

तीव्र विषाणुज्वरात नेमका याच भिंतीवर घाला पडतो. विषाणू कोशांच्या अस्तरातील पेशी मारतो. त्याला तोंड देण्यासाठी शरीर स्वतःचे सैन्य पाठविते आणि त्या रणधुमाळीत शत्रूबरोबर घरही मोडते. कोशांत पाझर भरतो, लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. माणूस वाचला म्हणजे दुरुस्ती सुरू होते. ती नीट झाली तर भिंत पूर्ववत पातळ होते. ती बिघडली तर जखमेवर जशी जाड खूण उरते तसा कोशाच्या भिंतीत कठीण तंतूंचा थर बसतो. मग हवा आत जाते, छातीही भरते, परंतु प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही. बसून असताना माणूस निरोगी दिसतो. चालू लागला म्हणजे धाप लागते.

आता हे मोजावयाचे कसे? फुप्फुसात हवा किती मावते, हे मोजण्याचे यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन या वैद्याने १८४६ साली प्रसिद्ध केले आणि त्याने दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजला. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात (तो १९०८ साली सुरू झाला) नळीने फुंकून काच फुगविणारे कारागीर काम करीत. त्यांच्या फुंकरीचा जोर आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिला असेल. हचिन्सनचे यंत्र तीच फुंकर आकड्यांत मांडते. त्यास आज स्पायरोमीटर म्हणतात. परंतु या यंत्राने भिंतीची जाडी कळत नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे. अत्यल्प प्रमाणात एक विशिष्ट वायू श्वासाबरोबर आत घ्यावयाचा, क्षणभर श्वास रोखावयाचा, आणि बाहेर आलेल्या हवेत तो किती उरला हे पाहावयाचे. जितका नाहीसा झाला तितका तो भिंतीतून पार गेला. ही पद्धत डेन्मार्कच्या मारी क्रोग या विदुषीने १९१५ साली बसविली. सोयीसाठी आपण तिला वायुवहनाची परीक्षा म्हणू. सीटी स्कॅनमध्ये खूण दिसते, स्पायरोमीटरने हवेचे माप कळते, आणि या तिसऱ्या परीक्षेने देवघेव कळते. चौथी परीक्षा सर्वांत साधी : तीस मीटर लांबीच्या सपाट ओसरीवर रुग्णास सहा मिनिटे चालावयास सांगून अंतर मोजावयाचे आणि बोटास लावलेल्या ऑक्सिमीटरवर प्राणवायूचा आकडा पाहावयाचा. हिला कुठलेही महाग यंत्र लागत नाही.

या साधनांनी संशोधकांस काय आढळले ते थोडक्यात सांगतो. चीनमधील वुहान येथे एका रुग्णालयातून २०२० च्या पहिल्या पाच महिन्यांत घरी गेलेल्या १,७३३ रुग्णांची सुमारे सहा महिन्यांनी तपासणी झाली. त्यांतील तीन-चतुर्थांश लोकांस थकवा, झोप न लागणे यांसारखी निदान एक तरी तक्रार उरली होती. आणि ज्यांचा आजार सर्वांत तीव्र होता त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांची वायुवहनाची परीक्षा उणी आली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील वैद्यांनी पहिल्या लाटेतील २०७ जणांच्या फुप्फुसांची तपासणी केली. तिचा वृत्तांत २०२४ साली प्रसिद्ध झाला. शेकडा ४४ जणांत वायुवहन कमी आढळले, शेकडा ३५ जणांत फुप्फुसाचे आकारमान आकुंचित झालेले आढळले, आणि शेकडा ८ जणांत हवेच्या वाटेस अडथळा आढळला. युरोप व चीन येथील आकड्यांशी तुलना करता आपली हानी अधिक दिसते, असे त्यांनी नमूद केले.

येथे मला शिक्षकाच्या नात्याने एक सावधगिरीची सूचना करावयाची आहे. शेकडा ४४ हा आकडा ऐकून कोणी असे समजू नये की, ज्यांना ज्यांना कोविड झाला त्यांतील जवळजवळ निम्म्यांची फुप्फुसे बिघडली. असंख्य लोकांचा आजार घरीच सर्दीपडशाप्रमाणे आला आणि गेला. रुग्णालयात परत तपासणीस येतात ते कोण? ज्यांना त्रास आहे ते. ज्यांना त्रास नाही ते शेतावर किंवा कामावर जातात. वर्गातील हजर मुलांचे गुण पाहून साऱ्या गावातील मुलांची बुद्धी ठरविता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून खऱ्या संशोधनात बरी झालेली माणसेही तपासणीस आली पाहिजेत, आणि ज्यांना आजार झालाच नाही असे त्याच वयाचे, त्याच गावचे लोकही तुलनेसाठी मोजले गेले पाहिजेत. हजेरीपट पुरा असल्यावाचून निकाल लावणे हा अन्याय आहे. रुग्णावरही आणि सत्यावरही.

आपल्या मावळात तर ही तुलना अधिकच आवश्यक आहे. येथे चार महिने धुवाधार पाऊस. भिंतींना ओल, ओलीस बुरशी. आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात अजूनही कित्येक घरी चुलीचा धूर आयाबहिणींच्या छातीत जातो. कोणी दगडखाणीवर काम करतो, कोणी भातगिरणीच्या कोंड्यात दिवस काढतो, कोणी कारखान्यात. विडीचे व्यसन आहेच. क्षयाने एकदा फुप्फुस पोखरलेले लोक आहेत. या सर्वांस धाप लागते. मग एखाद्याची धाप विषाणूची, चुलीची, क्षयाची, रक्तक्षयाची की हृदयाची, हे तपासल्यावाचून कोण सांगणार? 'कोविड होऊन गेला आहे, तेव्हा तसे व्हायचेच,' असे म्हणून घरी बसलेल्या माणसाला प्रत्यक्षात क्षय असू शकतो, आणि क्षयावर औषध आहे. सर्व दोष एका आजारावर ढकलणे हे सर्व दोष नाकारण्याइतकेच घातक आहे.

दुसरा प्रश्न : हे संशोधन किती काळ चालावे? २००३ साली सार्स नावाचा याच कुळातील विषाणुज्वर चीनमध्ये पसरला होता. पेकिंग विद्यापीठाच्या एका रुग्णालयातील जे वैद्य व परिचारिका त्यातून वाचल्या, त्यांतील ७१ जणांच्या फुप्फुसांचा पाठपुरावा २०१८ पर्यंत, म्हणजे १५ वर्षे, करण्यात आला. २००३ साली फुप्फुसाचा सरासरी शेकडा ९.४ भाग व्रणित दिसत होता. वर्षभरात तो शेकडा ३.२ वर आला. पुढे चौदा वर्षे त्यात फारसा फरक पडला नाही. या एका ओळीत दोन मोठे धडे आहेत. पहिला आशेचा : बहुतेक सुधारणा होते, आणि ती पहिल्या वर्षातच होते, म्हणून ते वर्ष वाया घालवू नये. दुसरा संयमाचा : जे उरले ते पुष्कळदा टिकून राहते, म्हणून माणसाला एकदा तपासून सोडून देता येत नाही. पंधरा वर्षांनी जर ते लोक परत आले नसते, तर हे दोन्ही धडे जगाला कधीच मिळाले नसते.

आता आपल्या भूमीकडे वळू. मुंबईचा माणूस आजारी पडला की त्यास 'लोणावळ्यास हवापालटाला न्या' असे सांगण्याची चाल जुनी आहे. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली वर आली आणि खंडाळा-लोणावळ्याची हवा हे औषध ठरले. हवा चांगली आहे, यात शंका नाही. परंतु चांगली हवा आणि उपचार या दोन वस्तू भिन्न आहेत, हे आपल्याच देशातील एका संशोधनाने सिद्ध केले. १९५६ साली मद्रास येथे क्षयावरील एक केंद्र स्थापन झाले. गरीब क्षयरोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडण्यात आले. एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास आपापल्या दाटीच्या घरी ठेवले, आणि दोघांस तेच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष आला की, घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना अधिक लागण झाली नाही. पुढे पाच वर्षेपर्यंत त्या रुग्णांचा पाठपुरावा झाला. या एका प्रयोगाने जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. लक्षावधी रुग्णांस घरदार सोडून वर्षभर दूर राहण्याची गरज उरली नाही. हे श्रेय वैद्यांइतकेच मद्रासच्या त्या निरक्षर कुटुंबांचे, जी नेमल्या दिवशी थुंकीची डबी घेऊन केंद्रावर हजर होत राहिली.

लोणावळ्याचे दुसरे भूषण म्हणजे कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली ही संस्था स्थापन केली. त्यांची थोरवी मला विशेष वाटते ती अशी की, योगावर अढळ श्रद्धा असूनही त्यांनी योगास प्रयोगशाळेत उभे केले. लोणावळ्यास येण्यापूर्वी बडोद्यास त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांचे निरीक्षण केले होते, आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून आपली मापे जगापुढे ठेवली. प्राणायामाने शरीरात भरमसाट प्राणवायू भरतो, असा जो लोकप्रिय समज आहे, तो त्यांनी श्वासातील वायू मोजून तपासला. आणि प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नाही, असे निर्भीडपणे लिहिले. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचेही माप घ्यावे, आणि माप प्रतिकूल आले तर तेही छापावे, हा शास्त्राचा धर्म होय. आज कोणी कैवल्यधामाच्या गावात राहून 'अमुक श्वासक्रिया करा, फुप्फुसाची खूण पुसून जाईल' असे मोजमापावाचून सांगू लागला, तर तो स्वामीजींचा अनुयायी नव्हे.

मग उपाय नाहीतच काय? आहेत, परंतु त्यांच्यातही तपासलेले आणि न तपासलेले असा भेद आहे. स्टेरॉइडचे उदाहरण घ्या. तीव्र आजारात, प्राणवायूवर असलेल्या रुग्णास डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगाने जून २०२० मध्ये दाखविले. यावरून काहींनी अनुमान काढले की, आजारानंतर उरलेल्या फुप्फुसाच्या विकारातही जितके अधिक द्याल तितके बरे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हे अनुमान तपासले. असा विकार उरलेल्या १३० रुग्णांचे दोन गट करून एकास दररोज ४० मिलिग्रॅम आणि दुसऱ्यास १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केले. सहा आठवड्यांनी पाहता मोठ्या मात्रेचा अधिक लाभ दिसला नाही. हे औषध मनमानी घेतल्याने साखर वाढते, आणि २०२१ साली काळ्या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात किती घरे उद्ध्वस्त केली, हे आपण विसरलो नाही. व्रणाचे तंतू रोखणारी जी महागडी औषधे आहेत, ती दुसऱ्या एका फुप्फुसविकारात उपयोगी पडतात. परंतु कोविडोत्तर विकारात ती सर्वांस गुणकारी आहेत असा निःशंक पुरावा जमलेला नाही. ती तज्ज्ञाने निवडक रुग्णासच द्यावयाची. याउलट, देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम व श्वासाचे शिक्षण यांची बाजू बळकट आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयातून घरी जाऊन तीन महिने उलटलेल्या ५८५ जणांवर असा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०२४ साली आला, आणि आठ आठवड्यांच्या अशा वर्गाने जीवनमान सुधारते व तो लाभ वर्षभर टिकतो, असे दिसले. त्यात फुप्फुसाची खूण पुसली जाते असा दावा नाही. आहे त्या श्वासात अधिक काम करता येते, एवढाच आहे. हा लाभ थोडका समजू नये.

एक उदाहरण सांगतो. नाणे मावळातील माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला शेतकरी. एप्रिल २०२१ मध्ये तो १९ दिवस रुग्णालयात प्राणवायूवर होता. घरी सोडताना 'आता तुम्ही बरे आहात' एवढे सांगण्यात आले. परत केव्हा यावे हे कोणी सांगितले नाही. त्या वर्षी भाताची लावणी त्याने जेमतेम केली. पुढल्या वर्षी चिखलणीस मजूर लावला. तिसऱ्या वर्षी वरचे खाचर पडीक टाकले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, उभ्या चढाला पाय चालत नाहीत. घरचे म्हणतात आळस भरला. मलाही तसेच वाटू लागले आहे." पुण्यास नेऊन तपासले असता स्पायरोमीटरचा आकडा जेमतेम ठीक आला, परंतु वायुवहन पुष्कळ कमी निघाले, आणि सहा मिनिटे चालविल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा ९६ वरून ८९ वर उतरला. त्यास व्यायामाचा क्रम लावून दिला, फ्ल्यूची लस दिली, चुलीजवळ बसणे बंद केले. आज तो पूर्ववत झालेला नाही. वरचे खाचर त्याने वाट्याने दिले आहे. परंतु तो आळशी नाही, हे त्याला कळले, घरच्यांना कळले. मला विचाराल तर त्या तपासणीचा अर्धा गुण त्या एका शब्दात होता.

बंधुभगिनींनो, अशी माणसे गप्प का राहतात? कारणे आपल्या घरांतच आहेत. कमावत्या पुरुषास नोकरीची भीती. सुनेस 'कामाचा कंटाळा' या बोलण्याची भीती. आणि उपवर मुलामुलींच्या घरी सोयरीक मोडण्याची भीती. आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीत उंची, शिक्षण, नोकरी सर्व लिहिलेले असते. परंतु 'याचा कोविडमध्ये ऑक्सिजन लागला होता' हे कोणी उच्चारीत नाही. मी आपणांस विनवून सांगतो : बरे झाल्यावर राहिलेली ही खूण संसर्गाने दुसऱ्यास लागत नाही, ती आनुवंशिक नाही, आणि ती कोणाच्या दुर्वर्तनाचे फळ नाही. ती लपवू नये. आणि ती उघड करणाऱ्याचा अव्हेर करू नये. ज्या समाजात आजार सांगणाऱ्यास शिक्षा होते, त्या समाजात संशोधन होऊ शकत नाही, कारण तेथे हजेरीपटच खोटा असतो.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाचे स्मरण येथे उपयुक्त होईल. तो जूनमध्ये मुंबईच्या गोदीत उतरला आणि आगगाडीच्या वाटेने देशभर पसरला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. साऱ्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मेलेल्यांची मोजदाद त्या वेळच्या सरकारने कशीबशी केली. पण जे वाचले त्यांचे काय झाले? मावळातील ज्या बाईला त्यानंतर आयुष्यभर खोकला राहिला, जो हमाल पुन्हा ओझे उचलू शकला नाही, त्यांची कोणत्या वहीत नोंद आहे? आपल्या घराण्यांच्या वंशावळींत त्यांची नावे आहेत, त्यांचा श्वास नाही. शंभर वर्षांनी तीच चूक आपण करू नये. आज पुण्यात १९५२ साली स्थापन झालेली, आता राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून विख्यात असलेली संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तपासणीची यंत्रे आहेत. उणीव आहे ती वर्षानुवर्षे परत येणाऱ्या माणसांची.

म्हणून मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली : प्रत्येक कुटुंबाने एक आरोग्य-फाईल ठेवावी. रुग्णालयातून सोडतानाचे कार्ड, सीटी स्कॅनची फिल्म व अहवाल, तपासण्यांचे आकडे, तारखा, सर्व एकत्र. आजारापूर्वीचा एखादा क्ष-किरण फोटो सापडला तर तो रद्दीत घालू नये. तुलनेसाठी त्याइतके मोलाचे काही नाही. दुसरी : ज्यास प्राणवायू लागला होता आणि अजून धाप लागते, त्याने तज्ज्ञाकडून चारही परीक्षा करून घ्याव्यात. बसून असताना ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली असेल, किंवा चालल्यावर तो तीन-चार अंकांनी उतरत असेल, तर विलंब लावू नये. तिसरी : मंडळाने विद्यार्थी-सहाय्य निधीप्रमाणे एक लहानसा निधी उभारावा. तो औषधांसाठी नसावा. लोणावळ्याहून पुण्याला जाण्या-येण्याचे लोकलचे भाडे, आणि रोजंदारीवरील माणसाचा त्या दिवसाचा बुडालेला रोज, एवढेच त्यातून द्यावे. गरीब माणूस तपासणीस परत जात नाही तो अज्ञानाने नव्हे, एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून. चौथी : एखादी मान्यताप्राप्त संस्था अशा संशोधनासाठी माणसे बोलावील, तर प्रथम संमतिपत्र नीट वाचून, शंका विचारून, खुशीने जावे, आणि एकदा नाव दिले की शेवटपर्यंत जावे. मनात आले तर नाव मागे घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहेच. परंतु बरे वाटू लागले एवढ्या कारणाने गैरहजर राहू नये. आपले बरे असणे हीसुद्धा शास्त्रास हवी असलेली माहिती आहे.

पुढे कधीतरी असाच दुसरा विषाणू येईल. २००९ साली स्वाईन फ्ल्यूने या देशातील पहिला बळी आपल्या पुण्यात घेतला होता. त्यानंतर अकरा वर्षांतच कोविड आला. तेव्हा कोणत्या रुग्णास किती दिवस तपासावे, कोणता व्यायाम केव्हा सुरू करावा, कोणते औषध व्यर्थ, हे आपली नातवंडे विचारतील. त्याचे उत्तर आज धाप लागणाऱ्या माणसाच्या छातीत आहे. ते त्याने जगास सांगावे, आणि सांगताना त्याची मान खाली जाऊ नये, एवढी व्यवस्था आपण ज्ञातिबांधवांनी करावी.

निधीसाठी पहिली वर्गणी म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातून ५,००० रुपये मी कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. रक्कम लहान आहे, पण तेवढ्यात पुष्कळ जणांचे पुण्याचे जाणे-येणे होईल.